नोकरी गेल्यावर सरकार कुठे भेटते?

१६ जुलै २०२४ रोजी कलिन्यातला रस्ता माणसांनी भरून गेला होता. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. पद ‘हँडीमन’चे, शिक्षणाची अट दहावी पास, पगार २२,५३० रुपये, करार ठरावीक मुदतीचा, जागा सुमारे दोन हजार दोनशे. लोक मात्र हजारोंनी आले. त्यांत पदवीधर होते, बुलढाण्यासारख्या लांबच्या जिल्ह्यातून रातोरात निघून आलेलेही होते. शेवटी अर्ज आणि बायोडेटा ठेवून घेऊन लोकांना परत पाठवावे लागले.

त्या गर्दीची दृश्ये देशभर दाखवली गेली आणि बेकारीवर दोन दिवस चर्चा झाली. एक साधा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही. ज्या जिल्ह्यात ही गर्दी जमली, त्या मुंबई उपनगर जिल्ह्याला स्वतःचे सरकारी रोजगार कार्यालय आहे. नोकरी शोधणाऱ्यांची नोंद ठेवणे आणि जागा निघाली की त्यांना कळवणे हेच त्याचे मूळ काम. मग सरकारी मालकीच्या कंपनीतल्या जागांसाठी लोकांना रस्त्यावर का उभे राहावे लागले?

उत्तरासाठी दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागते. युद्ध संपत आले तेव्हा लाखो सैनिक आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले कामगार मोकळे होणार होते. त्यांना कामाला लावायचे म्हणून जुलै १९४५ मध्ये देशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची व्यवस्था उभी राहिली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनाकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. १९४२ ते १९४६ या चार वर्षांत त्यांनी मजूर खात्यात केलेले काम तितके ठाऊक नसते, आणि ही कार्यालये त्या कामातलीच. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला.

मग आला १९५९ चा कायदा. पंचवीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी कंपनीने आणि सर्वच सरकारी आस्थापनांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवल्याच पाहिजेत, असे त्याने सांगितले. हा कायदा अमलात आला १ मे १९६० रोजी. महाराष्ट्र राज्य जन्माला आले तोच दिवस. पुढची तीस-पस्तीस वर्षे मराठी घरांत दहावी-बारावीचा निकाल लागला की दोन कामे ठरलेली असत: कॉलेजचा फॉर्म भरायचा आणि एक्स्चेंजमध्ये नाव घालायचे. मग ते कार्ड वेळेवर रिन्यू करायचे. रिन्यू करायला विसरले की ज्येष्ठता गेली, म्हणून घरातले वडीलधारे तारीख लक्षात ठेवत. कुणाला ‘कॉल’ आला की चाळीत बातमी होई.

या कायद्यातली मेख अशी, की जागा ‘कळवणे’ सक्तीचे होते, एक्स्चेंजच्या यादीतून माणूस ‘घेणे’ सक्तीचे नव्हते. आणि न कळवल्याचा दंड? पहिल्या वेळी जास्तीत जास्त पाचशे रुपये, पुढच्या प्रत्येक वेळी हजार. १९६० साली पाचशे रुपयांना काही वजन होते. साकीनाक्याच्या किंवा मरोळच्या कारखानदाराला नव्वदच्या दशकात त्या रकमेची भीती वाटण्याचे काहीच कारण उरले नव्हते. खासगी कंपन्यांनी पाठ फिरवली तरी सरकारी खाती, महामंडळे, बँका यादी मागवत होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले की फक्त एक्स्चेंजच्या यादीवर भरती केली तर ज्यांची नावे तिथे नाहीत त्यांच्यावर अन्याय होतो. यादीबरोबर जाहिरातही द्यावी. निकाल न्याय्यच होता. पण एकदा जाहिरात आली की एक्स्चेंजच्या कार्डाला वेगळे मोल राहिले नाही.

आज त्याच कार्यालयाचे नाव लांबलचक झाले आहे: जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. कार्ड गेले, ‘महास्वयम्’ हे संकेतस्थळ आले. नोंदणी घरबसल्या होते, आधार आणि मोबाइल क्रमांक लागतो, पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ नावाचे स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले, तिथेही नोंद करता येते. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे भरतात. त्यांत विमा विक्री, कॉल सेंटर, घरपोच वस्तू पोचवणाऱ्या कंपन्या आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सी हमखास दिसतात. नाव नोंदवून नोकरी मिळेलच असे नाही. तरीही नोंदवावे, कारण पुढे येणाऱ्या काही योजनांचे दार त्या नोंदणी क्रमांकानेच उघडते.

आता भत्त्याकडे वळू, कारण लोक सगळ्यात आधी तेच विचारतात. ‘महाराष्ट्रात बेरोजगारांना दरमहा पाच हजार मिळतात’ असा मजकूर मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. खाली एक लिंक असते आणि ती आधार क्रमांक व बँक खाते मागते. स्पष्टच सांगायचे तर महाराष्ट्रात असा सरसकट बेरोजगारी भत्ता नाही. असे आकडे जाहीरनाम्यांत जरूर आले: २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस-राष्ट्रवादीने पाच हजारांचे आश्वासन दिले होते, २०२४ मध्ये महाविकास आघाडीने चार हजारांपर्यंतचे. जाहीरनाम्यातून शासन निर्णयापर्यंत ते पोचले नाहीत. शेजारच्या कर्नाटकात ‘युवानिधी’ आहे. पदवी मिळाल्यावर सहा महिन्यांत काम न लागलेल्या तरुणाला तिथे महिना तीन हजार, पदविकाधारकाला दीड हजार, जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात. बोरिवलीच्या तरुणाला त्याचा उपयोग नाही; ती योजना कर्नाटकवासीयांसाठी आहे.

राज्यघटनेचे कलम ४१ म्हणते की आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राज्याने कामाचा हक्क आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत सार्वजनिक मदत मिळण्याची तरतूद करावी. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात जाऊन मागता येत नाही. पण महाराष्ट्राने ते एकदा खरोखर मनावर घेतले होते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर गावी एक प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम द्यायचे. १९७२ च्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर गेली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ चा देशाचा कायदा याच वाटेने गेला.

याचा पैसा कुठून आला, ही गोष्ट अंधेरी-घाटकोपरच्या वाचकाने जरूर वाचावी. हमी योजनेसाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. पगाराच्या स्लिपवर ‘पी. टी.’ म्हणून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, वर्षाला अडीच हजार, तो हा कर. शहरातल्या पगारदाराने दिलेल्या करावर खेड्यातल्या मजुराची हमी उभी राहिली. ही व्यवस्था मला आजही थोर वाटते. दुष्काळात जगायला मुंबईकडे निघालेला माणूस गावातच थांबावा, यात मुंबईचेही भले होते. फक्त एक टोक मोकळे राहिले. कर भरणाऱ्या त्या शहरी माणसाची स्वतःची नोकरी गेली, तर त्याच्यासाठी हमी नाही. रोजगार हमी कायदा ग्रामीण भागापुरता आहे आणि मुंबई उपनगर जिल्ह्याला ग्रामीण भागच नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी हा जिल्हा झाला तेव्हापासून त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीनच तालुके आहेत (घाटकोपर, मुलुंड कुर्ल्यात मोडतात), आणि तिन्ही पूर्ण शहरी. केरळने २०१० मध्ये अय्यनकाळींच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये. हमी योजनेची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्राने ते पाऊल उचलले नाही, हे मला खटकते.

मग शहरातल्या माणसाला काहीच नाही का? आहे. पण तो बेकार आहे एवढ्यावरून ते मिळत नाही. तो आधी कुठे, कशी आणि किती पगाराची नोकरी करत होता, यावर सगळे ठरते. बेकारीतली खरी रोख मदत इथल्या नोकरदाराला एकाच ठिकाणाहून येते आणि ती जागा म्हणजे ईएसआय, राज्य कामगार विमा.

मरोळच्या एमआयडीसीत, कांदिवलीत, मुलुंडला ईएसआयची मोठी रुग्णालये आहेत, त्यामुळे उपनगरांत ‘ईएसआय’ म्हणजे दवाखाना असाच समज आहे. १९४८ चा हा कायदा मुळात विम्याचा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस त्यात येतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून आहे. त्याच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. यातच २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडला किंवा रीतसर कामगारकपात झाली, तर ठरावीक वर्षांची वर्गणी भरलेल्या कामगाराला कमाल दोन वर्षे भत्ता मिळतो: पहिल्या वर्षी सरासरी पगाराच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव. त्या काळात त्याचे आणि कुटुंबाचे औषधपाणीही चालू राहते. लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत एकापाठोपाठ कारखाने बंद झाले आणि तिथे मॉल व टॉवर आले. पण त्यातले बरेचसे २००५ च्या आधीच गेले होते. ज्या पिढीला हा भत्ता सर्वांत जास्त लागला असता, तिच्या वेळी तो नव्हता.

दुसरी योजना आजच्या माणसाच्या अधिक उपयोगाची आहे. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. सुरुवातीला रोजच्या सरासरी पगाराच्या पंचवीस टक्के मिळत. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ते पन्नास टक्के झाले. मिळतात नव्वद दिवसांपर्यंत आणि आयुष्यात एकदाच. समजा अंधेरीच्या एका पॅकेजिंगच्या युनिटमध्ये कुणाला महिना १८,००० मिळत होते. दिवसाचे सरासरी ६०० धरा. त्याच्या निम्मे ३००, गुणिले नव्वद, म्हणजे २७,००० रुपये. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे यात दोन-तीन महिने कसेबसे निघतात. पण निघतात.

अट अशी की नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षे तो विम्याखालच्या नोकरीत असावा. शेवटच्या वर्गणी-काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी आणि त्याआधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात पुन्हा ७८ दिवसांची. वर्गणी-काळ म्हणजे सहा-सहा महिन्यांचा हप्ता, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी ईएसआयच्या संकेतस्थळावर स्वतःच दावा करता येतो. जुन्या मालकाकडून फॉर्म सहीने आणावा लागत नाही. ही सुधारणा फार मोलाची, कारण ज्याने काढून टाकले त्याच्याच दारात सहीसाठी उभे राहणे कुणालाही नको असते. योजना कायमची नाही, वेळोवेळी मुदतवाढ देत चालवलेली आहे. म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करावी.

गैरवर्तनाबद्दल काढलेल्या, निवृत्त झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाला हे पैसे मिळत नाहीत. म्हणून शेवटच्या दिवशीच्या कागदाला महत्त्व येते. उपनगरांतल्या लहान कंपन्यांत माणूस कमी करायचा असला की एचआरवाले बोलावून म्हणतात, ‘राजीनामा लिहून द्या, फुल अँड फायनल लगेच करतो.’ माणूस घाबरतो, पुढच्या नोकरीत नाव खराब नको म्हणून लिहूनही देतो. त्या एका ओळीने कामगारकपात ‘स्वखुशीने सोडली’ होऊन जाते. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाची कपातीची भरपाई, नोटिशीचा महिना आणि विम्याचा दावा, तिन्ही तिथेच अडकतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी नावाची नवी तरतूद आहे: कपात झालेल्या कामगाराच्या खात्यावर शेवटच्या पगाराच्या हिशेबाने पंधरा दिवसांची रक्कम ४५ दिवसांत जमा व्हावी आणि पैसे मालकाने भरावेत. ती रक्कमही कपात झालेल्यालाच मिळते. राजीनामा दिलेल्याला नाही. सही मागितली तर ‘विचार करून उद्या देतो’ म्हणावे आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात किंवा एखाद्या युनियनच्या माणसाला आधी विचारावे.

आता पुन्हा कलिन्याच्या त्या पगाराकडे पाहा: २२,५३०. विम्याच्या मर्यादेपेक्षा दीड हजाराने जास्त. महागाईने पगाराचे आकडे वर गेले, मर्यादा २०१७ पासून तिथेच आहे. त्यामुळे दर वर्षी माणसे या छत्रीतून बाहेर पडतात आणि बहुतेकांना ते कळतही नाही. उलट ‘ईएसआय कापणे बंद झाले, हातात थोडे जास्त येते’ म्हणून बरे वाटते.

मर्यादेवरच्या माणसाचे काय होते, याचे उदाहरण अंधेरीतच घडले. जेट एअरवेजचे मुख्यालय अंधेरी पूर्वेला होते. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री कंपनीचे शेवटचे विमान उतरले आणि हजारो माणसांचे काम थांबले. वैमानिक, केबिन क्रू, इंजिनिअर, तिकीट काउंटरवरचे लोक. आधीचे पगारही थकलेले होते. यांतल्या ज्यांचा पगार मर्यादेच्या वर होता, त्यांना सरकारकडून बेकारीचा एक रुपया मिळण्याची सोय नव्हती. त्यांची लढाई झाली ती भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने हे देणे कर्मचाऱ्यांना दिलेच पाहिजे असे सांगितले, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. नोकरी जाऊन तोवर साडेपाच वर्षे झाली होती.

पीएफबद्दल थोडक्यात. लोक त्यालाही सरकारी मदत म्हणतात, पण ती आपलीच शिल्लक आहे. बरीच वर्षे नियम असा होता की एक महिना बेकार राहिल्यावर पंचाहत्तर टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले काढता येत. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवले की पंचाहत्तर टक्के लगेच काढता यावेत, पण पूर्ण रक्कम बारा महिने बेकार राहिल्यावरच मिळावी. हेतू म्हातारपणाचा पैसा राखण्याचा आहे. कुर्ल्याच्या भाडेकरूला तो हेतू पटेल की नाही, सांगता येत नाही. दावा अडकण्याची कारणे बहुधा फार क्षुल्लक असतात: आधारवर एक नाव, पीएफवर दुसरे, जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेलीच नाही, दोन नोकऱ्यांची दोन खाती जोडलेली नाहीत. हे सगळे दुरुस्त करण्याची योग्य वेळ म्हणजे नोकरी चालू असतानाची. नंतर वांद्रे किंवा कांदिवलीच्या पीएफ कार्यालयात खेटे घालावे लागतात.

ज्याने अजून नोकरी केलेलीच नाही, त्याच्याकडे विमा नाही आणि पीएफही नाही. त्याच्यासाठी सरकारचा शब्द एकच आहे, प्रशिक्षण. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुर्ला इथल्या सरकारी आयटीआय हे त्यातले सर्वांत जुने आणि माझ्या मते अजूनही सर्वांत भरवशाचे दार. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा ट्रेड केलेला मुलगा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपनीत जातो, विद्यावेतन घेतो आणि हातात काहीतरी घेऊन बाहेर पडतो.

जुलै २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. ‘लाडकी बहीण’च्या पाठोपाठ आल्यामुळे लोकांनी तिचे नाव ‘लाडका भाऊ’ ठेवले, जरी ती बहिणींनाही खुली आहे. १८ ते ३५ वयाच्या, महाराष्ट्राच्या रहिवासी आणि शिकत नसलेल्या तरुणाने महास्वयम् वर नाव नोंदवायचे. त्याला सरकारी कार्यालयात किंवा खासगी आस्थापनेत प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात आणि विद्यावेतन थेट खात्यावर येते: बारावी पासला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. मुदत सहा महिने होती, २०२५ मध्ये ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली गेली. कागदावर हे प्रशिक्षण आहे. प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांची वाण असलेल्या कार्यालयांनी या मुलांना नेहमीच्या कामाला लावले: नोंदी, टपाल, संगणकावर माहिती भरणे. कामाची सवय झाली आणि मुदत संपली. तेव्हा प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, आम्हाला कायम करा म्हणून. सरकार म्हणते, हे प्रशिक्षण होते, नोकरी नव्हे. दोघांचेही ऐकले की वाटते, काम नेमके कोणते आणि शिकवणे कोणते हे पहिल्या दिवशीच ठरवून द्यायला हवे होते. तरीही ज्याच्या बायोडेट्यात अनुभवाची जागा कोरी आहे, त्याला अकरा महिन्यांचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. घेताना एवढेच समजून घ्यावे की पुढे काही नाही.

केंद्राची नवी योजना, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, बेकाराला काही देत नाही. ती नोकरीला लागणाऱ्याला देते. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात आयुष्यात पहिल्यांदा पीएफच्या नोकरीत शिरणाऱ्याला, पगार महिना एक लाखापर्यंत असेल तर, एका महिन्याच्या पगाराइतके पण जास्तीत जास्त पंधरा हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर. मालकालाही दर नव्या माणसामागे महिना तीन हजारांपर्यंत मिळतात. मुलाखतीत हे आपणहून सांगायला हरकत नाही. लहान मालकांना पुष्कळदा ते ठाऊक नसते.

धंदा करू म्हणणाऱ्याला प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्जावर अनुदान आहे. इथेही शहराला कमी: खुल्या गटाला खेड्यात प्रकल्पाच्या पंचवीस टक्के, शहरात पंधरा; महिला, मागास आणि अन्य विशेष गटांना खेड्यात पस्तीस, शहरात पंचवीस. ज्या मराठा तरुणांना आर्थिक मागासांसाठीच्या इतर महामंडळांचा लाभ मिळत नाही, त्यांना १९९८ मध्ये स्थापन झालेले अण्णासाहेब पाटील महामंडळ बँकेच्या कर्जावरचे व्याज परत करते. कर्ज मात्र बँकेनेच मंजूर करायचे आहे, आणि खरा अडथळा तिथेच येतो.

राहिला नाका. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली स्टेशनांबाहेर सकाळी सात-आठला गवंडी, रंगारी, बिगारी हत्यारांची पिशवी घेऊन उभे असतात. ठेकेदार आला तर काम, नाहीतर दहा वाजता घरी. हे लोक महिन्यातले कितीतरी दिवस बेकार असतात, पण कुठल्याही नोंदवहीत ते बेकार नसतात, कारण ते नोकरदारही नसतात. त्यांच्यासाठी १९९६ मध्ये बांधकाम कामगार कायदा झाला. दर मोठ्या बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. शास्त्री मार्गावर जुन्या कारखान्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांचाही. मंडळाकडे नोंद असलेल्या कामगाराला मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाची आणि बाळंतपणाची मदत, अपघाती मृत्यूची भरपाई मिळते. काम न मिळालेल्या दिवसाचा पैसा त्यात नाही.

नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवे आणि गेल्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र हवे. फी नाममात्र एक रुपया. अडते ते प्रमाणपत्रापाशी. रोज नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला नव्वद दिवसांची सही कोण देणार? मग दलाल येतात, आणि खरे गवंडी बाहेर राहून भलत्यांची नावे यादीत शिरल्याच्या तक्रारीही येतात. महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यालाही हे प्रमाणपत्र देता येते. ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर वॉर्ड कार्यालयात तसा अर्ज करता येतो.

या नोंदणीने काय फरक पडतो हे करोनात दिसले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत राज्याने नोंदीत बांधकाम कामगारांच्या खात्यावर दोन हजार रुपये टाकले, त्याच वर्षी पुढे आणखी तीन हजार, आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत दीड हजार. त्या वेळी नोंदीत घरेलू कामगार, नोंदीत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांनाही दीड-दीड हजार जाहीर झाले. काम बंद आहे एवढ्याच कारणासाठी राज्याने असंघटित माणसाला रोख दिल्याचे मुंबईतले असे उदाहरण विरळाच. आणि तेव्हाही, एकाच नाक्यावर शेजारी उभ्या राहणाऱ्या दोन गवंड्यांपैकी मंडळाचा क्रमांक असलेल्याला ते पैसे मिळाले, दुसऱ्याला नाही.